रस्त्याचा कायदा आणि मुलखाचा रिवाज



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी चाळीस वर्षे कायदा शिकविला आणि त्या चाळीस वर्षांत एकदाही वाहन बाळगले नाही. घरापासून महाविद्यालयापर्यंत ते पायी येत, आणि वाटेत दृष्टीस पडलेला एखादा प्रसंग घेऊनच त्या दिवशीच्या तासाला आरंभ करीत. त्यांच्या नावाने चालणाऱ्या या व्यासपीठावरून संविधानावर अथवा न्यायसंस्थेवर बोलावे, अशी आपल्यापैकी काहींची अपेक्षा असेल हे मी जाणतो. तथापि ज्या कायद्याशी नागरिकाचा दिवसातून शंभर वेळा संबंध येतो, ज्याची तामील बहुधा कोणताही अंमलदार समोर नसताना करावयाची असते, आणि ज्याचा भंग झाला असता निवाडा कचेरीत होण्यापूर्वीच पुष्कळदा डांबरावर होऊन जातो, असा रस्त्याच्या कायद्याखेरीज दुसरा कायदा मला ठाऊक नाही. म्हणून आज त्याच्याविषयी, आणि मुलखामुलखांत तो इतका वेगळा का होतो याविषयी, बोलण्याची अनुज्ञा मी मागतो.

काही वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी मी माझ्या भाच्याकडे महिनाभर राहिलो होतो. तेथेही वाहने आपल्याप्रमाणे डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे पहिले दोन दिवस मला रस्त्यावर परकेपणा वाटला नाही. तिसऱ्या दिवशी शहराच्या मध्यवस्तीत एका चौकात आम्हाला उजवीकडे वळावयाचे होते, आणि भाच्याने गाडी मधल्या रांगेत न घेता अगदी डाव्या कडेला नेली. वळणाचा दिवा उजवा लुकलुकतो आहे आणि गाडी डावीकडे सरकते आहे, हे पाहून मी घाबरून काही बोलणार तोच तो म्हणाला, "मामा, इथं उजवीकडं वळायचं तर आधी डावीकडंच राहावं लागतं. बघा आता." हिरवा दिवा लागताच तो सरळ पुढे गेला, चौक बहुतेक ओलांडून पलीकडच्या टोकाशी, पादचाऱ्यांच्या पट्ट्यांना न शिवता, डाव्या अंगाला थांबला, आमच्या मागोमाग आणखी दोन मोटारी तशाच येऊन उभ्या राहिल्या, मग आमच्या उजव्या हाताने, रस्त्याच्या मधोमध घातलेल्या रुळांवरून, एक लांबलचक ट्राम घंटा वाजवीत निघून गेली, आणि ज्या रस्त्याला आम्हाला लागावयाचे होते त्या रस्त्याचा दिवा हिरवा होताच आम्ही तिघेही एकामागून एक उजवीकडे वळून मार्गस्थ झालो. उजवे वळण फक्त डावीकडून, असा फलक त्या चौकात ठसठशीत अक्षरांत लावलेला होता.

हा नियम प्रथम ऐकणारास विपरीत वाटतो, परंतु त्याचे कारण त्या रुळांत आहे. मेलबर्नमध्ये ट्रामचे जाळे सुमारे अडीचशे किलोमीटरचे असून जगात त्याहून मोठे जाळे नाही. रूळ रस्त्याच्या मध्यभागी आहेत. उजवीकडे वळू पाहणारी मोटार जर मध्यभागी समोरची वाहने संपण्याची वाट पाहत उभी राहिली, तर तिच्यातील एका माणसापायी मागच्या ट्राममधील शंभर माणसे खोळंबतात. त्या शहराने शंभर माणसांचा पक्ष घेतला आणि एका माणसास कडेला थांबावयास लावले. थांब्यावर उतारू रस्त्यात उतरत असतील तर मोटारीने ट्रामच्या मागे थांबले पाहिजे, असाही तेथे कायदा आहे. आमच्या मुंबईतील ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री अखेरची धावली, आणि तिच्या खाणाखुणा रस्त्यावरून नाहीशा झाल्या, दादरला टी. टी. म्हणतात ते ट्रामच्या शेवटच्या थांब्यावरून, हेदेखील नव्या पिढीस सांगावे लागते. ट्राम गेली म्हणून तिच्या भोवती जे नियम उभे राहिले असते तेही आमच्याकडे उभे राहिले नाहीत, आणि मेलबर्नचा नियम आम्हाला विलक्षण वाटतो तो एवढ्याचसाठी.

परमुलखातील जो वाहतुकीचा कायदा आपणास चमत्कारिक भासतो, त्याच्या बुडाशी बहुतेक वेळा त्या मुलखाचे एखादे वाहन, एखादे जनावर, एखादा शेजारी किंवा तेथील ऋतू असतो, असे मला दिसून आले आहे. इंग्लंडात १८६५ साली झालेल्या कायद्याने यांत्रिक गाडीपुढे साठ यार्डांवर एका माणसाने लाल निशाण घेऊन पायी चालावे, आणि गाडीने गावात ताशी दोन व गावाबाहेर चार मैलांहून अधिक वेग घेऊ नये, असे ठरविले होते. या कायद्याची आज पुष्कळजण थट्टा करतात. पण त्या काळी रस्ता घोड्याचा होता, वाफेचे धूड पाहून उधळलेला घोडा गाडीतील माणसांचे काय करतो हे लोकांनी पाहिले होते, आणि ते निशाण घोडा हाकणाऱ्यास मिळालेली आगाऊ सूचना होती. १८९६ साली हे बंधन गेले आणि वेगमर्यादा ताशी चौदा मैल झाली.

याहून मनाला चटका लावणारी हकीकत कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांताची आहे. कॅनडाचे काही प्रांत पूर्वी डावीकडून आणि काही उजवीकडून चालत. नोव्हा स्कोशियाने १५ एप्रिल १९२३ रोजी डावी बाजू सोडून उजवी धरली. माणसांना जाहीरनामा वाचून दाखविता येतो. परंतु लुनेनबर्गच्या बाजूला ओझी ओढण्याचे काम बैलांकडे होते, आणि जन्मभर डाव्या कडेने चालावयास शिकलेल्या बैलांना ही नवी चाल काही केल्या अंगवळणी पडेना. ज्याने स्वतः औत किंवा गाडी हाकली आहे त्याला हे सांगावयास नको. आमच्या शेतकऱ्याचा उजवा बैल उजवीकडेच जुंपावा लागतो, बाजू बदलली की तो अडून बसतो. तेथील शेतकऱ्यांनी ते बैल खाटकास विकले, एकाएकी इतके मांस बाजारात आले की भाव पार कोसळला, आणि त्या वर्षाला लोक फुकटच्या मांसाचे वर्ष म्हणू लागले, अशी आठवण त्या प्रदेशात सांगतात. एका ओळीच्या कायद्याने कोणाचे काय गेले, हे कायदा करणाराच्या दप्तरात सहसा नोंदलेले नसते.

डावीउजवीचा हा भेद राष्ट्राराष्ट्रांत कसा पडला, याविषयी नेपोलियनपासून सरदारांच्या तलवारीपर्यंत अनेक कथा प्रचलित आहेत, आणि त्यांतील पुष्कळ निराधार आहेत. निश्चित एवढे, की लंडनच्या जुन्या पुलावर गर्दी मावेना म्हणून १७२२ साली तेथील महापौराने डावीकडून चालण्याचा हुकूम काढला, पुढे १८३५ च्या कायद्याने तो सर्व राज्याला लागू झाला, आणि इंग्रजांचा अंमल जेथे जेथे बसला तेथे तेथे बहुधा हा शिरस्ताही गेला. तर अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाने १७९२ साली एका मार्गापुरती उजवी बाजू ठरविली. दोहोंपैकी कोणती बाजू अधिक चांगली, या प्रश्नाला उत्तर नाही. समोरून येणारा अनोळखी माणूस कोणती बाजू धरील हे मला आधी ठाऊक असणे, यापलीकडे या नियमाला दुसरे मोल नाही. म्हणूनच धोका डावीकडेही नसतो आणि उजवीकडेही नसतो, तो सरहद्दीवर असतो.

स्वीडनची गोष्ट या दृष्टीने अभ्यसनीय आहे. स्वीडन डावीकडून चाले, पण नॉर्वे आणि फिनलंड हे त्याचे शेजारी उजवीकडून. शिवाय स्वीडनमधील बहुतेक मोटारींचे चाकही डावीकडेच बसविलेले असे, त्यामुळे अरुंद रस्त्यावर पुढचे वाहन ओलांडताना चालकाला समोरचे दिसत नसे. १९५५ साली सार्वमत घेतले तेव्हा शंभरातील त्र्याऐंशी लोकांनी बदल नको म्हणून सांगितले. तरीही १९६३ मध्ये तेथील संसदेने बदलाचा निर्णय घेतला, चार वर्षे तयारी केली, आणि ३ सप्टेंबर १९६७ च्या रविवारी पहाटे तो अमलात आणला. त्या रात्री खाजगी वाहनांना रस्ता बंद होता. जी थोडी वाहने रस्त्यावर होती ती पाचला दहा मिनिटे कमी असताना जागच्या जागी थांबली, मग सावकाश उजव्या कडेला सरकून उभी राहिली, आणि पाचाच्या ठोक्याला पुढे निघाली. त्या दहा मिनिटांचे चित्र मी अनेकदा डोळ्यांसमोर आणतो: पहाटेचा मंद उजेड, दिवे लावून उभ्या राहिलेल्या गाड्यांची रांग, आणि कालपर्यंत ज्या बाजूला जाणे म्हणजे मृत्यू त्याच बाजूला केवळ सर्वांनी मिळून ठरविले म्हणून निःशंकपणे जाणारी माणसे. पहिल्या काही महिन्यांत अपघात उलट कमी झाले, कारण प्रत्येकजण सावध होता; दोन वर्षांत सावधपणा ओसरला आणि अपघातांचे प्रमाण पूर्ववत् झाले.

जपानच्या ओकिनावा बेटाने तर बाजू दोनदा बदलली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या अमलात ते उजवीकडून चालू लागले. १९७२ साली जपानला परत मिळाले, आणि एका राष्ट्रात रस्त्याची एकच बाजू असावी या १९४९ च्या जिनिव्हा तहास अनुसरून ३० जुलै १९७८ रोजी पुन्हा डावीकडे आले. आमच्या शेजारी ब्रह्मदेश १९७० साली उजवीकडे गेला. पण गाड्या जुन्याच राहिल्या, आणि डावीकडे दार असलेल्या बसमधून उतरणारा उतारू पदपथावर न उतरता रस्त्याच्या मधोमध उतरू लागला. बाजू बदलली आणि दार बदलले नाही, तर किंमत पायी चालणारा देतो.

महाराष्ट्राच्या दाराशीच असाच एक प्रसंग उद्भवू शकला असता. पोर्तुगालने १९२८ साली उजवी बाजू स्वीकारली, परंतु गोवे आणि मोझांबिक यांना त्यातून वगळले, कारण या मुलखांचे शेजारी डावीकडून चालत होते. लिस्बनच्या कायद्याहून सावंतवाडी आणि कारवारकडून येणारी गाडी अधिक महत्त्वाची मानली गेली, म्हणून १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा भाषा, नाणे, न्यायालये, सर्व बाबतींत प्रश्न उभे राहिले; रस्त्याच्या बाजूचा प्रश्न मात्र उभा राहिला नाही. गोव्याचे वेगळेपण दुसऱ्या ठिकाणी उरले आहे. पिवळा मडगार्ड लावलेली भाड्याची मोटारसायकल आणि तिचा ‘पायलट’ यांना तेथे कित्येक दशकांपासून रीतसर परवाना आहे, जो महाराष्ट्रात वर्षानुवर्षे कोणास मिळत नसे. उलट मुंबईत तीन चाकांच्या रिक्षेला बेटावरच्या शहरात प्रवेश नाही. पश्चिमेला वांद्रे आणि पूर्वेला शीव येथे तिची हद्द संपते, आणि पावसात सामानसुमानासह उतरून टॅक्सी शोधण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल त्यांना हा प्रादेशिक कायदा कोणी समजावून द्यावयास नको.

आणि माथेरान! दस्तुरी नाक्यावर मोटार थांबते आणि पुढे तांबड्या मातीची वाट घोड्यांची, पायी चालणारांची आणि छोट्या आगगाडीची होते. केंद्र सरकारने २००३ साली हा डोंगर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला, आणि मोटारींवरील जुनी बंदी अधिक पक्की झाली; रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला तर मोटारीचा आवाज तेथे ऐकू येत नाही. या शांततेचा मी भक्त आहे. परंतु तिचे मोल दीर्घकाळ कोण देत होते, हेही सांगितले पाहिजे: चढावर माणसांनी भरलेली हातरिक्षा ओढणारा माणूस ते देत होता, आणि २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा बंद करून तिच्या जागी विजेवरच्या रिक्षा आणण्याचा आदेश दिला, तो मला सर्वथा योग्य वाटतो. डोंगर वाचविण्याचा कायदा माणसाला जनावराच्या जागी जुंपून चालविता येणार नाही.

वाट कोणी कोणास द्यावी, हा प्रश्न तर मोटारीहून फार प्राचीन आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात रथात बसलेला, नव्वदी ओलांडलेला वृद्ध, रोगी, ओझे वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि वर यांना वाट द्यावी असे सांगितले आहे, आणि राजा व स्नातक समोरासमोर आले तर राजाने बाजूला व्हावे असाही निर्णय दिला आहे. आठव्या अध्यायात याहून नवलाची प्रकरणे आहेत: बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक मोडले, अथवा हाकणाऱ्याने ‘दूर व्हा’ म्हणून ओरडून सांगितले होते, तर अपघाताबद्दल दंड नाही, परंतु हाकणारा अकुशल असल्यामुळे अपघात झाला तर दंड गाडीच्या मालकाला, आणि अशा हाकणाऱ्याच्या गाडीत बसणाऱ्या उतारूंनाही. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकास आज आमचा मोटारवाहन कायदा अपराधी धरतो, तेव्हा तो फार जुन्या वहिवाटीला जाऊन मिळतो. जातिवर्णाच्या ज्या भेदांनी ते ग्रंथ भरले आहेत ते मला मुळीच मान्य नाहीत; तरी रोगी आणि भारवाही यांस वाट द्यावी ही त्यांतील दृष्टी मी स्वीकारतो, आणि रुग्णवाहिकेस वाट न देणाऱ्यास दहा हजार रुपये दंड सांगणारे १९४ ई हे आजचे कलम तिचेच आधुनिक रूप समजतो.

फ्रान्समध्ये खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणारा प्रथम, मग तो एखाद्या बोळातून का येईना. आमच्याकडेही, मुख्य रस्ता ठरविलेला नसेल तर, उजव्या हाताने येणाऱ्यास आधी जाऊ द्यावे असा नियम आहे, आणि तो माहीत असलेला चालक मला क्वचितच भेटला आहे. जपानच्या कायद्यात डबक्यातून गाडी नेताना वेग कमी करून पादचाऱ्याच्या अंगावर चिखल उडू न देण्याची जबाबदारी चालकावर टाकली आहे. आषाढात पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याच्या कडेने जिने स्वच्छ लुगड्यात चालण्याचा प्रयत्न केला आहे, तिच्या दृष्टीने हा कायदा विलक्षण तर नाहीच, तो अत्यावश्यक आहे.

आता दंडाविषयी. फिनलंडमध्ये १९२१ पासून दंडाची रक्कम अपराध्याच्या उत्पन्नावर ठरते, आणि गंभीर वेगभंगालाही तोच हिशेब लागतो. २००२ साली तेथील एका बड्या मोबाईल कंपनीच्या अधिकाऱ्यास, पन्नासची मर्यादा असता पंचाहत्तरच्या वेगाने मोटारसायकल चालविल्याबद्दल, एक लाख सोळा हजार युरो दंड झाला. उत्पन्न घटल्याचे त्याने दाखविल्यावर तो पुढे कमी करण्यात आला. ही पद्धत मला न्याय्य वाटते. आमच्याकडे हजार रुपयांचा दंड दूध घालणाऱ्याच्या महिन्याचा हिशेब कोसळवितो आणि बंगलेवाल्याच्या खिशाला जाणवतही नाही.

परंतु दंड कोणावर किती, हा प्रश्न निराळा, आणि दंड मुळात असावा की नाही हा निराळा. २०१९ साली केंद्राने मोटारवाहन कायद्यात दुरुस्ती करून दंड वाढविले. तडजोडीच्या रकमा ठरविण्याचा अधिकार कलम २०० अन्वये राज्यांकडे असल्यामुळे, त्याच सप्टेंबरात गुजरातने हेल्मेट न घालण्याचा दंड हजारावरून पाचशेवर आणला; महाराष्ट्राने तर ही दुरुस्ती प्रथम रोखून धरली आणि डिसेंबर २०२१ मध्ये ती लागू केली. शीख बांधवांना पगडीमुळे दिलेली सूट मी समजू शकतो. इंग्लंडनेही १९७६ साली ती दिली, आणि श्रद्धेच्या एका स्पष्ट चिन्हापुरती ती मर्यादित आहे. परंतु आमच्या पुण्यात हेल्मेटसक्ती येताच मोर्चे निघाले, गर्दीच्या रस्त्यावर वेगच नसतो, मान दुखते, केस गळतात, असे युक्तिवाद झाले, आणि अंमलबजावणी दरवेळी ढिली पडत गेली. मी पुण्याचाच आहे, आणि या गावाच्या वादप्रियतेचा मला अभिमानही आहे. परंतु या एका बाबतीत माझे गाव चुकले, असे मी येथे स्वच्छपणे सांगतो.

डावीकडून चालावे की उजवीकडून, वळण कोठून घ्यावे, रिक्षा कोठवर यावी, हे ज्या त्या मुलखाने आपल्या सोयीने ठरवावे. त्यात वैविध्य आहे ते शोभते. डोक्याचे हाड मात्र गुजरातेत आणि महाराष्ट्रात, मेलबर्नमध्ये आणि स्टॉकहोममध्ये, सारख्याच आघाताने फुटते, आणि ज्या नियमाचे प्रयोजन केवळ प्राणरक्षण आहे त्यात प्रांतोप्रांती सवलत देण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला असू नये, हे माझे प्रतिपादन आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली, आणि हेल्मेट नसल्यामुळे दगावलेल्यांची संख्या ५०,०२९ होती. त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. माझी एक विद्यार्थिनी त्याच रीतीने गेली; भाऊ गाडी चालवीत होता, त्याच्या डोक्यावर हेल्मेट होते, आणि घर दोन चौकांवर राहिले होते. तिच्या आईने पुढे अनेक महिने ते हेल्मेट दाराजवळच्या खुंटीवरून काढू दिले नाही.

या सभागृहाबाहेर आपल्यापैकी अनेकांच्या दुचाकी उभ्या आहेत. त्यांवर मागे बसून जाणाऱ्यांच्या, आणि विशेषतः पुढे उभ्या केलेल्या लहान मुलांच्या डोक्यावर काय आहे, हे किल्ली फिरविण्यापूर्वी कृपा करून पाहा. आजच्या कायद्याप्रमाणे चार वर्षांवरील प्रत्येकास हेल्मेट सक्तीचे आहे.